आपल्या घरातील सैनिकी वारसा : गणवेश व पदके यांचे जतन

ज्या समाजास आपल्या पूर्वजांचा अभिमान असतो, त्या समाजाने पूर्वजांच्या खुणाही जपल्या पाहिजेत, हे सांगण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. तरीही आपल्यात ह्या दोन गोष्टींची फारकत झालेली दिसते. दसऱ्यास घरातील जुनी तलवार बाहेर निघते, तिला गंधफूल वाहिले जाते. परंतु त्याच घराच्या माळ्यावर गंजलेल्या ट्रंकेत आजोबांचा खाकी डगला घडी उसवून पडलेला असतो आणि त्याच्या खिशाशी अडकविलेली दोन-तीन पदके हिरवी-काळी पडलेली असतात, त्यांची आठवण कोणास होत नाही. तलवार कोणत्या लढाईत चालली हे बहुधा कोणी सांगू शकत नाही. ती चालली की नाही हेही सांगता येत नाही. ह्या पदकांवर मात्र आपल्या माणसाचे नाव प्रत्यक्ष कोरलेले असते. ह्या विपरीत न्यायाकडे ज्ञातिबांधवांचे व भगिनींचे लक्ष वेधावे, एवढ्याचसाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत.

इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी गावोगाव हिंडून जुन्या दप्तरांतील कागद मिळविले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्या पिढीने एक गोष्ट महाराष्ट्रास शिकविली : इतिहास केवळ राजवाड्यांत नसतो, तो कुळकर्ण्याच्या दप्तरात आणि पाटलाच्या पेटीतही असतो. शिवकाल व पेशवाई ह्यांच्या बाबतीत ही शिकवण आपण मानली. परंतु १९१४ नंतरच्या महायुद्धांत आपल्या ज्या वाडवडिलांनी भाग घेतला, त्यांच्या साधनांकडे आपण त्या दृष्टीने पाहिले नाही. ती साधने कागदाहून अधिक कापडाची व धातूची आहेत, इतकाच फरक.

ती माणसे कोठे कोठे गेली, हे थोडक्यात पाहू. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत. महाराष्ट्रातील पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढला. जनरल टाउनशेंड ह्यांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीच्या काठी कुत-अल-अमारा येथे ह्या फौजेस तुर्कांचा वेढा पडला. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो टिकला. अन्न संपले, सोडवणुकीचे प्रयत्न फसले आणि सुमारे तेरा हजारांच्या फौजेने शस्त्रे खाली ठेविली. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून पायी चालविण्यात आले आणि वाटेत व छावण्यांत असंख्य माणसे दगावली. कोकणात व देशावर ज्या घरांतील कोणी पुरुष ‘बसऱ्याकडे गेला तो गेलाच’ असे सांगतात, त्या घरांतील कथेचे मूळ पुष्कळदा ह्या मोहिमेत सापडेल.

१९२२ साली सैन्याची पुनर्रचना झाली आणि ह्या जुन्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामील झाल्या. जुनी १०३ ती तिची पहिली पलटण झाली, ११० ती तिसरी आणि ११७ ती पाचवी. हा तपशील कोरडा वाटेल; पण घरातील पदके वाचणाऱ्यास तो किल्लीसारखा उपयोगी पडतो. आजोबांच्या पदकावर ११० हा आकडा असेल आणि नातवाच्या कागदांत तिसऱ्या पलटणीचा उल्लेख असेल, तर दोघांनी एकाच पलटणीत चाकरी केली, हे ह्याच किल्लीने उलगडते.

कुतच्या वेढ्यात अडकलेल्या त्या पलटणींच्या वारसदारांनी अठ्ठावीस वर्षांनी इटलीत काय केले, तेही येथे सांगणे अवश्य आहे. १० जुलै १९४४ रोजी तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह पुढे जात असता जवळूनच मशिनगनचा मारा सुरू झाला. तुकडीतील त्यांच्याखेरीज सर्व माणसे ठार अथवा जखमी झाली. घाडगे एकटेच त्या तोफेवर धावून गेले, हातबाँब टाकून त्यांनी तोफ व ती चालविणारा ह्या दोघांना निकामी केले, आणखी एकास गोळी घातली, आणि बंदूक भरण्यास उसंत नाही असे पाहून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. तेवढ्यात छातीत व पाठीत गोळ्या लागून त्यांनी जिंकलेल्या ठाण्यातच देह ठेविला. त्यांचे वय तेव्हा तेवीसही पुरे नव्हते. आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या ह्या सुपुत्रास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कोठेही नाही. इटलीतील कासिनो येथील स्मारकावर नाव आहे आणि माणगावात पुतळा आहे.

पुढील वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदी ओलांडताना पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव ह्यांनी तोच मान मिळविला. त्यांनी गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून व सुरुंग पेरलेल्या जागेतून सुरक्षित ठिकाणी नेले. मग परत फिरून त्यांनी शत्रूची ठाणी एकामागून एक उद्ध्वस्त केली आणि शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची गर्जना करीत मागच्या तुकड्यांना पलीकडे बोलाविले. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज गावचे हे वीर सुदैवाने परतले व १९८४ पर्यंत हयात होते.

स्वातंत्र्यानंतर परमवीर चक्राची स्थापना झाली. त्याची घोषणा २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानण्यात आले. त्या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर ह्यांनी केला. त्यावर मध्यभागी राजमुद्रा व सभोवार इंद्राच्या वज्राच्या चार आकृती आहेत. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून देणारे बाँबे सॅपर्सचे राम राघोबा राणे, मूळचे कारवारकडील चेंडिया गावचे, हे जिवंतपणी परमवीर चक्र मिळविणारे पहिले वीर होत.

परंतु अशा थोर पुरुषांची कीर्ती जपण्यास सरकार आहे, पलटण आहे, इतिहासकार आहेत. आम्हांस चिंता वाटते ती त्या हजारो साध्या शिपायांची, ज्यांनी कोणताही पराक्रम वर्तमानपत्रात छापून येण्याजोगा केला नाही, पण जे बोलावणे आले तेव्हा गेले, दिलेल्या जागी उभे राहिले आणि परत येऊन मुकाट्याने नांगर धरला किंवा गिरणीत कामास लागले. त्यांस कोणी लिहिण्यास शिकविले नव्हते. त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांचे आत्मचरित्र म्हणजे ती ट्रंक. म्हणून ती कशी वाचावी, हे आता सांगतो.

पहिल्या महायुद्धाची तीन पदके आपल्या घरांत प्रामुख्याने आढळतात. पहिले ब्राँझचे चांदणीच्या आकाराचे, एकमेकांवर ठेविलेल्या दोन तलवारींचे. त्याच्या पाठीवर शिपायाचे नाव असते. दुसरे चांदीचे गोल, जुन्या रुपयाहून काहीसे थोराड. त्याच्या एका अंगास बादशहा पाचवे जॉर्ज ह्यांचे मस्तक आणि दुसऱ्या अंगास घोडेस्वार असून १९१४ व १९१८ हे सन कोरलेले असतात. तिसरे ब्राँझचे, पंख असलेल्या विजयदेवतेचे, त्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची. दुसऱ्या व तिसऱ्या पदकाची खरी मौल्यवान जागा चित्रात नसून कडेत आहे. पदक उभे धरून कडेवर प्रकाश पाडावा, म्हणजे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण दिसू लागते. नावाची इंग्रजी अक्षरे त्या वेळच्या कारकुनास जशी ऐकू आली तशी लिहिलेली असतात, म्हणून ती मोठ्याने उच्चारून पाहावीत. दुसरे पदक चांदीऐवजी ब्राँझचे असेल तर निराश होऊ नये. ते मजूर पलटणींतून गेलेल्या माणसांना दिले जात असे. रस्ते बांधणारा, ओझी वाहणारा हाही त्या युद्धास गेलाच होता, आणि त्याची आठवण तर सर्वांत आधी पुसली गेली आहे.

काही घरांत सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची एक मोठी ब्राँझची थाळी सापडेल. तिच्यावर सिंहासह एक देवता व चौकटीत केवळ नाव असते, हुद्दा नसतो. ती पदक नव्हे. युद्धात कामी आलेल्या माणसाच्या वारसास ती दिली जात असे. मरणात सुभेदार व शिपाई सारखेच, म्हणून तिच्यावर हुद्दा कोरला नाही. अशी थाळी ज्या घरात असेल त्या घरातून कोणीतरी परत आलेला नाही, हे तिच्याकडे पाहताच समजावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सहा टोकांच्या चांदण्या दिसावयास सारख्याच असतात; त्यांतील भेद मजकुराने व फितीने कळतो. आफ्रिकेची, इटलीची व ब्रह्मदेशाची चांदणी वेगळी. इटलीच्या फितीत त्या देशाच्या निशाणाचे तांबडा, पांढरा व हिरवा हे रंग आहेत. १९३९ ते १९४५ ह्या काळातील भारतसेवेच्या पदकाच्या पाठीवर भारताचा नकाशा असतो. त्यापुढे १९४७ चे स्वातंत्र्यपदक. त्याची फीत केशरी, पांढरी व हिरवी. मग १९६५ ची समर सेवा चांदणी, आणि १९७१ च्या युद्धाच्या पूर्वी व पश्चिमी चांदण्या. एकाच घरात तीन पिढ्यांची पदके असतील तर ती एकत्र मिसळू देऊ नयेत. प्रत्येक माणसाची जोडणी वेगळी ठेवावी, कारण कोणती पदके एकत्र होती ह्यावरूनच त्याचा सारा प्रवास जुळविता येतो. एक पदक निघून गेले की त्या प्रवासातील एक मुक्काम हरवला.

अशी हानी कशी होते? तिची कारणे दुष्टपणाची नाहीत, बहुधा अडचणीची किंवा अजाणपणाची आहेत. चांदीचे पदक दुष्काळात अथवा लग्नकार्यात सोनाराकडे गेले आणि आटले. ज्या घरात पेन्शन तुटपुंजी व तोंडे अनेक, त्या घरातील माउलीने तसे केले असेल तर तिला दोष देण्याचा अधिकार आपणांपैकी कोणासही नाही. दुसरे कारण स्वच्छतेची हौस. सणाच्या आधी तांब्यापितळेबरोबर पदकेही चिंच व राख लावून घासली जातात. पदक लखलखते, पण दरवर्षीच्या ह्या घासण्याने कडेवरील नाव झिजत झिजत नाहीसे होते. प्रेमाने केलेल्या सेवेत नेमके तेच पुसले जाते, ज्याच्यासाठी ती सेवा करावयाची. तिसरे कारण घरे बदलणे. चाळीतील खोली सोडून नव्या सदनिकेत जाताना जुनी ट्रंक भंगारवाल्यास दिली जाते. चौथे कारण हौशी व्यापाऱ्यांचे. ते गावोगाव फिरून चार पैशांत जे नेतात त्याची पुढे लिलावात बोली लागते. ज्यास विकावयाचेच असेल त्याने निदान आधी छायाचित्रे व मजकुराची नक्कल घरात ठेवून मगच निर्णय करावा. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते व ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. पहिल्या महायुद्धाच्या खुणांनी ती मर्यादा आता गाठली आहे.

येथे एक आक्षेप आमच्यासमोर वारंवार मांडण्यात येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. आमचे तरुण विचारतात, ज्या पदकावर परक्या बादशहाचे मस्तक आहे, जे त्याच्या साम्राज्यासाठी लढल्याबद्दल मिळाले, ते आम्ही अभिमानाने का जपावे? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे : जतन करणे म्हणजे पूजा करणे नव्हे. आपण निजामशाहीच्या सनदा जपतो, आदिलशाही फर्माने जपतो. म्हणून आपण त्या सुलतानांचे चाकर ठरत नाही. बादशहाचे मस्तक पदकाच्या तोंडावर आहे, पण कडेवर नाव आपल्या माणसाचे आहे. तो भाकरीसाठी गेला असेल, पलटणीच्या मानासाठी गेला असेल, किंवा गावच्या पाटलाने पुढे केले म्हणून गेला असेल. त्याच्या मनात काय होते, ह्याचा विचार आपण पुढे जरूर करू. पण पुरावाच नष्ट केला तर विचार तरी कशाचा करणार? स्वातंत्र्यपदकाच्या एका अंगावर अशोकचक्र असून त्याच्या माथ्यावर अजून इंग्रजी मुकुट आहे. त्या एका चकतीत त्या पिढीची सारी संक्रमणावस्था उमटली आहे. मुकुट आवडत नाही म्हणून ती चकती टाकली, तर चक्रही गेले.

आता गणवेशाविषयी. पदकाहून तो अधिक नाजूक आणि म्हणूनच अधिक दुर्मिळ. माणूस निवृत्त झाल्यावर त्याचा डगला शेतात, थंडीत, राखणीस वापरला गेला आणि फाटून गेला. हे स्वाभाविकच होते. म्हणून जो उरला आहे तो जसा आहे तसाच मोलाचा आहे. त्यावरील ठिगळ काढू नये, गेलेल्या बटणाच्या जागी नवे लावू नये, उसवलेली फीत बदलू नये. तो धुऊ नये व त्यास इस्त्री करू नये. खांद्यावरील बिल्ला, बाहीवरील पट्ट्या, आतल्या बाजूस शाईने लिहिलेला क्रमांक ही सर्व अक्षरेच आहेत. धुण्याने ती पुसली जातात. डगला तारेवर अडकवू नये, कारण कापडाचे वजन खांद्यावर येऊन तो तेथे फाटतो. स्वच्छ, जुन्या, पांढऱ्या सुती कापडात तो सैल घडी करून आडवा ठेवावा, घड्यांत त्याच कापडाच्या वळकट्या भराव्यात आणि घडीची जागा वर्षातून एकदा बदलावी. पितळी बटणांखाली कापडाचा तुकडा सरकवावा, म्हणजे हिरवा गंज कापडास लागत नाही. वर्तमानपत्राचा कागद व प्लॅस्टिकची पिशवी ही दोन्ही वर्ज्य समजावीत : पहिला पिवळा पडून कापड जाळतो, दुसरी दमट हवा कोंडून बुरशी आणते. डांबराच्या गोळ्या ठेवावयाच्या तर कापडास स्पर्श होणार नाही अशा पुरचुंडीत ठेवाव्यात. पावसाळा संपताच ट्रंक उघडून कसर व वाळवी पाहावी आणि वस्त्र सावलीत थोडा वेळ वाऱ्यावर धरावे. उन्हात घालू नये.

पदके कोरड्या मऊ सुती कापडाने हलकेच टिपावीत, कडेने धरावीत, आणि प्रत्येक वेगळ्या सुती पिशवीत ठेवावे, म्हणजे एकमेकांवर घासत नाहीत. चांदीवरील काळेपणा राहू द्यावा. तो अपाय नव्हे. फीत कितीही विरली असली तरी मूळची फेकू नये. भिंतीवर लावण्याची इच्छा असेल तर मूळ पदकांऐवजी त्यांचे छायाचित्र चौकटीत लावावे, कारण प्रकाशाने फितीचे रंग उडतात. डिस्चार्ज बुक, पेन्शनची कागदपत्रे, मनिऑर्डरीच्या पावत्या व पत्रे ही ह्याच संग्रहाचा भाग होत. शिपायाने पाठविलेल्या रकमेवर घर कसे चालले, हे त्या पावत्यांतून कळते, आणि त्या ज्या स्त्रियांनी सांभाळल्या त्यांचा इतिहासही त्यांतच आहे.

वस्तूंपेक्षा अधिक घाई आठवणींची आहे. १९६५ व १९७१ च्या युद्धांतील सैनिक आज वार्धक्यात आहेत. त्यांच्यापाशी बसून कोणता डगला कोठे घातला, सोबती कोण होते, रात्री काय खाल्ले, हे लिहून अथवा ध्वनिमुद्रित करून घ्यावे. पहिल्या महायुद्धातील माणसांना विचारण्याची संधी आपण गमावली. ही संधी गमावल्यास नातवंडांपुढे सबब सांगता येणार नाही.

संग्रह कोणी ठेवावा, ह्यावरून घराघरांत वाद होतात असे दिसते. थोरल्या मुलाकडे द्यावा अशी रूढी आहे. आमचे मत असे की, ज्यास आस्था आहे त्याने ठेवावा, मग तो धाकटा असो वा लेक असो. इतरांनी छायाचित्रांचा संच घ्यावा. पण वाटणी करून एकास एक पदक व दुसऱ्यास दुसरे, असे मात्र कदापि करू नये. सांभाळणारे कोणीच नसेल तर त्या पलटणीच्या संग्रहालयाशी पत्रव्यवहार करावा : मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावास आहे, बाँबे सॅपर्सचे खडकीस व महार रेजिमेंटचे सागर येथे. वस्तू देताना लेखी पोच घ्यावी व माणसाची संपूर्ण माहिती सोबत द्यावी. नाव नसलेला डगला संग्रहालयातही नुसते कापडच होय.

आपल्या मंडळाने काय करावे? वस्तू गोळा करून एका कपाटात कोंडण्यापेक्षा प्रथम नोंदवही सिद्ध करावी, असे आम्ही सुचवितो. प्रत्येक सभासद कुटुंबाने एका कागदावर पुढील गोष्टी लिहून मंडळाकडे द्याव्यात : सैनिकाचे पूर्ण नाव, गाव व तालुका, पदकाच्या कडेवरील मजकूर अक्षरशः, पलटण, भरतीचे व निवृत्तीचे वर्ष ठाऊक असल्यास, घरात काय शिल्लक आहे आणि ते कोणाकडे आहे. ज्या घरातील पदक आटले किंवा हरवले असेल त्यांनीही, पूर्वी अमुक होते, असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. पुढील स्मरणिकेत ही नामावली छापता आली तर ज्ञातीच्या इतिहासात आजवर कोरे राहिलेले एक पान भरून निघेल.

ह्या दिवाळीत घर झाडताना माळ्यावरची ट्रंक खाली काढावी, पदक उजेडात उभे धरावे आणि कडेवरचे नाव घरातील लहान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे, एवढीच सर्व कुटुंबांस आमची विनंती आहे.